विजेची गाडी आणि चंद्रपूरचा हिशोब



विजेवरच्या मोटारी हा विषय पुण्यात अधूनमधून कुठे ना कुठे चर्चेला असतोच. गाडी किती पळते, किती पैसे वाचतात, चार्जिंग कुठे करायचं, एवढ्यात तास संपतो. मला तो विषय चंद्रपुरात बोलायचा होता, आणि त्याला कारण आहे. तुमच्या जिल्ह्यातून एक वीजवाहिनी निघते आणि ७५२ किलोमीटर जाऊन ठाणे जिल्ह्यात पडघ्याला उतरते. डीसी वाहिनी आहे, दाब ५०० किलोव्होल्ट, क्षमता १५०० मेगावॅट. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती सुरू झाली. तेव्हापासून इथला कोळसा इथेच जळतो आणि त्याची वीज राज्याच्या दुसऱ्या टोकाला पोचते. पुण्यात, मुंबईत, ठाण्यात जो माणूस रात्री जेवण झाल्यावर गाडी चार्जिंगला लावतो, त्याचा तुमच्याशी संबंध आहे. तो संबंध त्याला कोणी सांगत नाही. मीही त्यांच्यातलाच एक आहे, माझ्याकडे विजेची गाडी आहे.

ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते भौतिकशास्त्र शिकवायचे. कुठलीही गोष्ट फुकट मिळते असं कोणी म्हटलं की ते त्याला खडू देऊन फळ्यापाशी उभं करायचे आणि ऊर्जेचा ताळेबंद मांडायला लावायचे, असं त्यांचे विद्यार्थी काल मला सांगत होते. आज मी तोच ताळेबंद मांडणार आहे. माझी बाजू आधीच सांगून ठेवतो. मी विजेच्या गाडीच्या बाजूचा माणूस आहे. पण या बाजूने बोलणाऱ्यांनी चंद्रपूरचा खर्च कधी हिशोबात धरला नाही. तो धरला तर कोणतं वाहन आधी विजेवर न्यायचं, सरकारने कोणाला सवलत द्यायची, हा सगळा क्रमच बदलतो.

मी उभा जन्म मुलांना आय.सी., म्हणजे अंतर्ज्वलन, इंजिन शिकवलं. त्या इंजिनावर माझं प्रेम आहे, त्यामुळे त्याची उणीव मी सांगितली तर ती वैरापोटी नाही. पेट्रोल इंजिनात शंभर रुपयांचं इंधन जाळलं तर शहरातल्या चालवण्यात त्यातले जेमतेम वीस-पंचवीस रुपये चाकापर्यंत पोचतात. बाकीचे रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून हवेत जातात. सिग्नलला उभी गाडी काहीच न करता इंधन पिते. विजेच्या मोटारीत बॅटरीत शिरलेल्या विजेपैकी ऐंशी टक्क्यांच्या वर चाकाला मिळते, आणि ब्रेक लावताना किंवा घाट उतरताना थोडी परत बॅटरीत येते. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना माझ्या गाडीची बॅटरी भरत जाते, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला लहान मुलासारखा आनंद झाला होता. पेट्रोलची गाडी तो सगळा उतार ब्रेकच्या पट्ट्यांवर घासून वाया घालवते.

हे काही आज कळलेलं नाही. १८९९ मध्ये कामिय जनात्झी या बेल्जियन माणसाने ताशी शंभर किलोमीटरचा वेग ओलांडला तो विजेच्याच गाडीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या शहरांतून विजेच्या गाड्या सर्रास फिरत. मग तेल स्वस्त झालं. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर मोटारीत बसला आणि हँडल मारण्याचा त्रास संपला. शहराबाहेर वीज नव्हती, पेट्रोलचा डबा मात्र कुठेही नेता येई. विजेची गाडी हरली ती या कारणांनी. आपल्याकडे तर विजेची वाहतूक त्याच काळापासून आहे. मुंबईत १९०७ मध्ये विजेची ट्राम सुरू झाली, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला विजेची लोकल धावली. त्या गाड्या डोक्यावरच्या तारेतून वीज घेत. नवी गोष्ट आहे ती बॅटरी. तार सोडून हिंडायची मुभा तिने दिली आणि त्या मुभेची किंमतही तिच्यातच आहे.

आता आकडे. ते स्थूल आहेत, पण दिशा चुकणार नाही याची काळजी मी घेतली आहे.

एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मध्यम आकाराची गाडी शहरात लिटरला चौदा किलोमीटर देते असं धरू. म्हणजे किलोमीटरला १६५ ग्रॅम. तेल उपसणं, जहाजाने आणणं, रिफायनरीत शुद्ध करणं, टँकरने पंपावर पोचवणं हे धरलं की आकडा दोनशेच्या आसपास जातो. विजेची तेवढीच गाडी एका युनिटमध्ये सात किलोमीटर जाते. देशात तयार होणाऱ्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण जवळपास तीन चतुर्थांश वीज कोळशाची आहे. तारांमधली गळती आणि चार्जिंगमधली घट मिळून गाडीला एक युनिट पोचवायला वीज केंद्रात सव्वा ते १.३ युनिट तयार करावं लागतं. गुणाकार केला की किलोमीटरला साधारण १३० ग्रॅम येतात. दोनशेच्या जागी एकशे तीस.

फरक आहे, आणि तो खरा आहे. पण जाहिरातीत दाखवतात तसा हिरवागार डोंगर यातून दिसत नाही. आयसीसीटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ मध्ये गाडी बनवण्यापासून ती भंगारात जाईपर्यंतचा सगळा हिशोब केला. युरोपात विजेच्या मध्यम गाडीचं उत्सर्जन पेट्रोल गाडीपेक्षा ६६ ते ६९ टक्क्यांनी कमी भरलं. भारतात तीच बचत १९ ते ३४ टक्के भरली. मुख्य फरक प्लगमागच्या विजेचा. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांमधल्या जवळपास नऊ विजेच्या होत्या, आणि नॉर्वेची वीज जवळजवळ सगळी धरणांची आहे. नॉर्वेचं उदाहरण पुण्यात सांगताना ही दुसरी गोष्ट गाळली जाते.

आणखी एक आकडा इथेच सांगतो, कारण तो तुमच्या ओळखीच्या वस्तूंचा आहे. माझ्या गाडीची तीस युनिटची बॅटरी पूर्ण भरायला, गळती धरून, केंद्रांत एकोणचाळीस-चाळीस युनिट तयार व्हावी लागतात. त्यातली तीन चतुर्थांश कोळशाची. एका युनिटला सुमारे पावणेसातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे माझी गाडी एकदा भरायला वीस किलो कोळसा. आपल्या कोळशात राख तीस-चाळीस टक्के, म्हणजे सात किलो राख. औष्णिक केंद्राला एका युनिटमागे तीन-साडेतीन लिटर पाणी लागतं, म्हणजे शंभर लिटरच्या घरात पाणी. मी दोनशे किलोमीटर जाऊन येतो, माझ्या मागे धूर नसतो. सात किलो राख मात्र कुठल्या तरी केंद्राच्या आवारात पडलेली असते.

ती कुठे पडते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आज सकाळी मी ज्यांच्याकडे उतरलो आहे त्यांच्या गच्चीवर चहा घेत होतो. वहिनींनी रात्री वाळत घातलेली पांढरी चादर दोरीवरून काढली, दोनदा झटकली, मग उलटी करून पुन्हा झटकली आणि घडी घातली. मी विचारलं तेव्हा त्यांनी कठड्यावरून बोट फिरवून मला दाखवलं. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. रोजच्या कामासारखं त्यांनी ते दाखवलं, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. इरई नदीचं पाणी, दुर्गापूरच्या खाणी, वेकोलि या कोळसा कंपनीचे डंपर, ऊर्जानगरमागची धुराडी, २९२० मेगावॅटचं केंद्र हे सगळं एका शहराच्या उशाशी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातली ४३ अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रं जाहीर केली, तेव्हा ८३.८८ गुणांनी चंद्रपूर चौथं होतं. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांसाठी कडक नियम केले. धुरातला सल्फर डायऑक्साइड काढून घेणारी यंत्रणा, म्हणजे एफजीडी, बसवायला मुदत दिली. ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्या यंत्रणेतून सूटच दिली गेली. आणि ज्या दशकात ही मुदत वाढत होती, त्याच दशकात विजेच्या गाड्यांना 'शून्य उत्सर्जन' म्हणून अनुदान मिळत होतं. दोन्ही निर्णय दिल्लीचेच. या दोन फायली एका टेबलावर कधी आल्या नाहीत, हा माझा आक्षेप आहे.

इथे कोणी म्हणेल, मग पेट्रोलच बरं. तसं नाही. पुण्याच्या चौकात स्कूटरवर आईच्या पुढ्यात उभं राहिलेलं पोर सायलेन्सरच्या उंचीवर श्वास घेतं. तिथला धूर नाकाजवळ आहे आणि तो लाखो नळ्यांतून येतो, त्याला गाळणी बसवणं अवघड. धुराडं एकच असतं, त्याला गाळणी बसवता येते. बसवली नाही हा गुन्हा वेगळा, पण बसवता येते. शिवाय पेट्रोलची गाडी पहिल्या दिवशी जेवढा धूर सोडते त्याहून दहाव्या वर्षी जास्तच सोडेल. विजेची गाडी मात्र विजेच्या जाळ्यात सौर आणि पवन वीज वाढेल तशी, काही न बदलता, दरवर्षी स्वच्छ होत जाते. आणि पेट्रोलच्या खाणाखुणा आपल्यापासून लांब असल्या तरी आहेत. आसामात बागजानची तेल-वायूची विहीर मे २०२० मध्ये फुटली आणि पुढे कित्येक महिने जळत राहिली, शेजारी डिब्रू-सैखोवाचं राष्ट्रीय उद्यान. ते गावही कोणाच्या तरी इंधनाची किंमत मोजत होतं.

बॅटरीकडे येतो. हिच्याबद्दल दोन्ही बाजूंनी बरंच खोटं बोललं जातं. बॅटरी बनवायला ऊर्जा फार लागते हे खरं. स्वीडनच्या आयव्हीएल संस्थेने २०१७ मध्ये एका युनिट क्षमतेमागे १५० ते २०० किलो कार्बन डायऑक्साइड असा आकडा दिला आणि जगभर बातम्या झाल्या. त्याच संस्थेने २०१९ मध्ये नवी माहिती घेऊन तो ६१ ते १०६ किलोपर्यंत खाली आणला, त्याची बातमी फारशी झाली नाही. आजही जुना आकडा फिरत असतो. मी ऐंशीच्या आसपास धरतो. तीस युनिटच्या बॅटरीला अडीच टन. म्हणजे विजेची गाडी शोरूममधून निघते तीच अडीच टनांचं कर्ज डोक्यावर घेऊन. किलोमीटरमागे सत्तर ग्रॅम वाचतात, तेव्हा हे कर्ज फिटायला पस्तीस-छत्तीस हजार किलोमीटर लागतात. टॅक्सीवाला ते वर्षभरात फेडेल. रोज ऑफिसला तीस-चाळीस किलोमीटर जाणारा तीन वर्षांत. आणि ज्याची गाडी आठवडाभर कव्हर घालून उभी असते, रविवारी देवदर्शनाला निघते, त्याला सात-आठ वर्षं लागतील. त्याने विजेची गाडी घेतली म्हणून पर्यावरणाचं भलं केलं असं मला म्हणवत नाही. त्याने आहे ती पेट्रोल गाडी नीट सर्व्हिसिंग करून आणखी काही वर्षं वापरली तर ते जास्त चांगलं.

कोबाल्टचंही सांगायला हवं. जगातला बहुतांश कोबाल्ट काँगोतून येतो. कोलवेझीच्या परिसरात हाताने खणणारी माणसं आणि पोरं, ही चित्रं खरी आहेत आणि ती पाहून आपण अस्वस्थ व्हायलाच हवं. पण आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत आता लोह-फॉस्फेटची बॅटरी असते, तिच्यात कोबाल्टही नाही आणि निकेलही नाही. लिथियम मात्र आहेच. चिलीतल्या आताकामाच्या मिठागरांत तो खारं पाणी उन्हात आटवून काढतात, जिथे आधीच पाण्याचा दुष्काळ आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूतल्या रियासीला ५९ लाख टनांचा अंदाजित साठा जाहीर झाला तेव्हा आपल्याकडे आनंदीआनंद झाला. ती प्राथमिक पाहणी होती. उद्या तिथे खाण झालीच, तर रियासीच्या गावकऱ्यांनी एकदा चंद्रपूरला येऊन तुमच्याशी बोलावं असं मला मनापासून वाटतं.

व्यवहाराचं थोडं बोलतो, कारण शेवटी लोक तेच विचारतात. गाडीवर लिहिलेली रेंज आणि रस्त्यावरची रेंज यांत मोठं अंतर आहे. २०२० च्या जानेवारीत नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा प्रमाणित रेंज ३१२ किलोमीटर होती. एसी लावून, माणसं भरून, हायवेला ऐंशी-नव्वदने चालवली तर दोनशेच्या आसपास धरून चालावं. चंद्रपूरहून भद्रावती, वरोरा, जाम करत नागपूर दीडशे किलोमीटर. जाणं होईल. परत यायचं तर मध्ये कुठे तरी तासभर द्यायला हवा. आणि मे महिन्यात सत्तेचाळीस अंशाला बॅटरीला थंड ठेवण्यातही वीज जाते, फास्ट चार्जर आपणहून वेग कमी करतो. ऐंशी टक्क्यांनंतर तर तो असाही रांगतो. नव्या मोठ्या बॅटरीच्या गाड्यांना ही अडचण कमी, पण त्यांचं कर्जही दुप्पट-अडीचपट, हे विसरू नये.

घरी चार्जिंग होत असेल तर किलोमीटरला दीड रुपयाच्या आत-बाहेर खर्च येतो, पेट्रोलला सात-साडेसात. बाहेरच्या फास्ट चार्जरला दर दुप्पट-अडीचपट. म्हणून खरा प्रश्न गाडीचा नाही, पार्किंगचा आहे. ज्याला स्वतःच्या मीटरची, स्वतःच्या दारची जागा आहे त्याला विजेची गाडी सोयीची, आणि ही सोय मुळात ऐपत असलेल्यांनाच असते. आमच्या सोसायटीत चार्जिंग पॉइंटचा विषय निघाला तेव्हा सभा रात्री बारापर्यंत चालली. तळमजल्यावर आग लागली तर कोण जबाबदार, मीटर कोणाच्या नावावर, केबल कोणाच्या पार्किंगवरून जाणार, ट्रान्सफॉर्मरवर लोड येणार त्याचे पैसे कोण देणार. यातला एकही प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. आगीची भीती २०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्यापासून लोकांच्या मनात बसली आहे. त्यानंतर केंद्राने एआयएस १५६ हे बॅटरीसुरक्षेचे नियम कडक केले, हे सभेत सांगितल्यावर लोक ऐकून घेतात. चिडून बोललं तर ऐकत नाहीत. शेवटी एकाच जागी सामाईक मीटरवर दोन पॉइंट बसले आणि भांडण मिटलं.

आता ज्या मुद्द्यासाठी एवढा आकड्यांचा पसारा मांडला तो मुद्दा. वर केलेलाच हिशोब स्कूटरला लावून बघा. पेट्रोलची स्कूटर लिटरला पंचेचाळीस देते, तेल आणण्याचा खर्च धरून किलोमीटरला साठ-बासष्ट ग्रॅम. विजेची स्कूटर एका युनिटमध्ये तीस-पस्तीस किलोमीटर जाते, याच कोळशाच्या विजेवर सत्तावीस ग्रॅम. निम्म्याहून कमी. तिची बॅटरी तीन युनिटची, कर्ज पाव टनाचं. ते सहा-सात हजार किलोमीटरमध्ये फिटतं. दिवसभर घरोघरी पार्सल पोचवणारा मुलगा ते काही महिन्यांत फेडतो. चारचाकीची बचत पस्तीस टक्के आणि दुचाकीची पन्नासच्या वर, कारण एका माणसाला न्यायला चौदाशे किलो लोखंड ओढावं लागत नाही. आणि आपलं पेट्रोल जातं कुठे? पेट्रोलियम मंत्रालयाच्या पीपीएसी या कक्षाने करवून घेतलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले, त्यात देशातलं ६१ टक्के पेट्रोल दुचाकींत जात होतं, मोटारींत ३४. म्हणजे बचत जिथे सगळ्यात जास्त, इंधनही तिथेच सगळ्यात जास्त.

तीनचाकींचं तेच. रिक्षावाल्याने कुठलंही व्याख्यान न ऐकता हिशोब केला आहे. २०२३ मध्ये भारत विजेच्या तीनचाकींची जगातली सगळ्यात मोठी बाजारपेठ झाला, चीनला मागे टाकून. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला धावली होती, आणि १ जून २०२२ रोजी त्याच रस्त्यावर विजेवरची 'शिवाई' सुरू झाली. विजेची बस कोळशाच्या विजेवर कार्बनची फार मोठी बचत करत नाही, हे मी लपवणार नाही. पण तिच्यातून चाळीस-पन्नास माणसं जातात, ती दिवसभर राबते आणि गर्दीच्या स्टँडवर डिझेलचा काळा लोट सोडत नाही. एका मोठ्या चारचाकीत बसणाऱ्या सत्तर-ऐंशी युनिटच्या बॅटरीतून पंचवीस स्कूटर होतात. लिथियम, तांबं, ग्राफाइट मर्यादित आहे, परदेशातून येतं, कुणाचं तरी पाणी आटवून येतं. ते कुठे वापरायचं हे ठरवताना हा पंचवीसचा आकडा समोर हवा.

आपलं धोरण याच्या उलट दिशेने झुकलं आहे असं माझं मत आहे. ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवरचा जीएसटी पाच टक्के झाला, उत्तम झालं. पण तो पाच लाखांच्या गाडीलाही पाच आणि पन्नास लाखांच्या गाडीलाही पाच. राज्याच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या मोटारींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी आहे. त्या माफीचा फायदा मलाही होतो, तरी सांगतो, ती मला पटत नाही. त्या रस्त्यांवर स्कूटर जातच नाही. ज्याच्याकडे चारचाकी घेण्याची ऐपत आहे त्याचा प्रवास स्वस्त झाला, आणि ज्यांच्या गच्चीवर राख पडते त्यांना त्या धोरणाच्या एकाही कलमात जागा नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. खाणी असलेल्या जिल्ह्यांसाठी २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. खाणीच्या उत्पन्नातला वाटा त्याच जिल्ह्यात खर्च करायचा, हे तत्त्व मान्य झालं. मग वीज केंद्राच्या जिल्ह्यालाही ते लागू करा. मोठ्या बॅटरीच्या मोटारींची टोलमाफी काढा. सार्वजनिक चार्जिंगच्या दर युनिटमागे काही पैसे बाजूला ठेवा आणि ते चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ या ठिकाणी एफजीडीवर, राखेच्या तलावांवर, दवाखान्यांवर खर्च करा. माझ्यासारख्या माणसाला युनिटमागे पन्नास पैसे जास्त पडले तरीही पेट्रोलपेक्षा गाडी स्वस्तच पडते. हे पैसे मी आनंदाने देईन, आणि मला खात्री आहे की कारण सांगितलं तर पुष्कळजण देतील.

दुसरं मागणं वेळेचं. सौर वीज दुपारी भरपूर असते, संध्याकाळी सातला ती शून्यावर येते, आणि तेव्हाच घरोघरचे दिवे, पंखे, एसी चालू होतात. त्यात आपण सगळे कामावरून येऊन गाड्या चार्जिंगला लावतो. त्या वेळचं वाढीव युनिट बहुधा कोळशाचं. निव्वळ कोळशाच्या विजेवर, एका युनिटला एक किलो धरला, तर माझी गाडी किलोमीटरला १८५ ग्रॅमवर जाते, पेट्रोलच्या जवळपास बरोबरीला. तीच गाडी दुपारच्या उन्हावर भरली तर फरक कितीतरी वाढतो. महावितरणने २०२५ पासून स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या विजेवर सवलत सुरू केली, ती योग्य आहे. पण दुपारी गाडी घरी नसते, ऑफिसच्या, कारखान्याच्या, कॉलेजच्या आवारात असते. चार्जर तिथे हवेत. साधे, पंधरा अँपिअरचे सॉकेटही चालतील. सहा-सात तास उभ्या असलेल्या गाडीला फास्ट चार्जर कशाला हवा? टोलमाफीवर जाणारा पैसा अशा सॉकेटांवर गेला तर त्यातून इथला कोळसाही थोडा वाचेल.

आणि तिसरं. राज्याच्या भारप्रेषण केंद्राला दर पंधरा मिनिटांना ठाऊक असतं की कोळशाची वीज किती, पाण्याची किती, उन्हाची आणि वाऱ्याची किती. ती माहिती चार्जिंगच्या पावतीवर छापता येईल. तारीख, वेळ, युनिट, रक्कम, आणि त्याखाली एक ओळ: या विजेत कोळशाचा वाटा किती टक्के, त्यासाठी कोळसा किती किलो, राख किती किलो. ॲपमध्ये ही ओळ टाकायला कुठलं नवं यंत्र लागत नाही. विद्युत नियामक आयोगापुढे जनसुनावण्या होतात, तिथे कोणीही नागरिक लेखी सूचना देऊ शकतो. ही सूचना मी पुण्याहून देणार आहे. चंद्रपूरहून तुम्ही दिलीत तर तिला माझ्यापेक्षा जास्त वजन येईल. मसुदा मी बरोबर आणला आहे, व्याख्यान संपल्यावर तो संयोजकांकडे ठेवतो. ज्यांना सही करायची असेल त्यांनी आधी आकडे तपासावेत, चूक दिसली तर मला सांगावी, आणि मग सही करावी.